रायझन ५ १६०० + जीटीएक्स १०६०: आधी प्रोसेसर बदलू का ग्राफिक कार्ड? का सगळंच नवीन घेऊ?

गोदाकाठचा

नमस्कार मंडळी, सल्ला हवाय. २०१७ ला असेंबल केलेला गेमिंग पीसी आहे, मी आणि धाकटा भाऊ दोघं वापरतो. कॉन्फिग अशी: रायझन ५ १६००, बी३५० चिपसेटचा मायक्रो एटीएक्स मदरबोर्ड, ८+८ जीबी डीडीआर४ रॅम, जीटीएक्स १०६० ६ जीबी, ४५० वॅटचा एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा), २५० जीबी एसएसडी, १ टीबी हार्ड डिस्क. मॉनिटर तेवढा नवीन, १०८०पी १४४ हर्ट्झ.

भाऊ काउंटर-स्ट्राइक २ आणि व्हॅलोरंट खेळतो, मी मोठे स्टोरीवाले गेम खेळतो. त्याची तक्रार अशी की स्मोक पडला किंवा पाच-सहा जण एकत्र आले की फ्रेम (सेकंदाला दिसणारी चित्रं, म्हणजे एफपीएस) धाडकन पडतात, आणि माझी तक्रार की नवीन गेम मीडियमवर पण ४० च्या वर जात नाहीत. शिवाय विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ म्हणतं तुमचा प्रोसेसर चालणार नाही.

इथल्या एका दुकानात विचारलं तर त्यांनी पीसी न बघताच सांगितलं की हे सगळं काढून टाका, एएम५ चा (एएमडीच्या नव्या सॉकेटचा) नवीन सेट घ्या. कोटेशन आलं ते आमच्या आवाक्याबाहेरचं आहे. बजेट ३५ हजार, फार ताणलं तर ४०. एवढ्यात या पीसीत जीव येईल का? आणि आधी काय बदलायचं?

लॅमिंग्टनवारी

येईल, नक्की येईल. एएम४ चा (आधीच्या सॉकेटचा) बोर्ड आहे ना, मग सगळं काढून टाकायची काही गरज नाही. एएम५ ला डीडीआर५ रॅमच लागते, म्हणजे प्रोसेसर, बोर्ड, रॅम तिन्ही नवीन, आणि २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव असे चढलेत की आहे ती १६ जीबी डीडीआर४ जपून ठेवावी अशी वेळ आहे. तुमच्या बजेटमध्ये नवीन सेट घेतला तर कार्डाला पैसेच उरणार नाहीत आणि गेम तर कार्डावर चालतात.

२०१७ च्या बोर्डात २०२२ चा रायझन ५ ५६०० बसतो. ए३२०, बी३५०, एक्स३७० या जुन्या बोर्डांना ५००० सिरीजचा सपोर्ट एएमडीने २०२२ मध्ये अधिकृत दिला. तुमच्या बोर्डाच्या कंपनीने त्यासाठी नवीन बायोस (पीसी सुरू करणारं बोर्डातलं सॉफ्टवेअर) काढलाय का तेवढं बघा.

मनीप्लांट

थांबा थांबा, आधी मोजा तरी. कोणी म्हणेल कार्ड घ्या, कोणी म्हणेल प्रोसेसर घ्या, पण तुमच्याच पीसीवर दहा मिनिटांत कळतं की अडकतंय कुठे. एमएसआय आफ्टरबर्नर टाका, त्याच्याबरोबर रिवाट्यूनर येतं, त्यातून स्क्रीनवर चार गोष्टी दिसू द्या: जीपीयू (कार्डाची चिप) वापर, सीपीयूचा (प्रोसेसरचा) प्रत्येक कोअर वेगवेगळा, वापरात असलेली व्हीरॅम (कार्डाची स्वतःची मेमरी) आणि एफपीएस.

जीपीयू ९७-९९ टक्क्यांवर चिकटून असेल तर कार्ड कमी पडतंय. जीपीयू ६० वर आहे आणि तरी फ्रेम वाढत नाहीत (फ्रेम लिमिट आणि व्हीसिंक बंद करूनच बघा) तर प्रोसेसर किंवा रॅम मागे पडतेय. आणि एकूण सीपीयू ५० टक्के दिसतोय म्हणजे सीपीयू मोकळा आहे असं समजू नका हां, गेमचा मुख्य थ्रेड (कामाची रांग) एकाच कोअरवर असतो, तो कोअर भरला की बाकीचे अकरा थ्रेड रिकामे असून उपयोग नाही. अजून एक सोपी परीक्षा, रिझोल्यूशन १०८०पी वरून ७२०पी करा. फ्रेम तेवढ्याच राहिल्या तर प्रोसेसर, वाढल्या तर कार्ड.

आकडे इथे टाका, मग बोलू.

गोदाकाठचा

मनीप्लांट ताई, आभार. मोजलं. काउंटर-स्ट्राइक २ मध्ये जीपीयू ५५ ते ६० टक्के, एफपीएस ९० ते १३० च्या मध्ये आणि स्मोकमध्ये ६० पर्यंत पडतो. एकूण सीपीयू ५५ टक्के पण एक कोअर सारखा ९५ च्या वर. ७२०पी केलं तरी आकडे तेच. स्टोरी गेममध्ये उलट, जीपीयू ९९ टक्के, व्हीरॅम ६ जीबी पूर्ण भरलेली, एफपीएस ३८-४०.

म्हणजे भावाचा प्रॉब्लेम प्रोसेसरचा आणि माझा कार्डाचा, बरोबर ना?

मनीप्लांट

अगदी बरोबर. आणि यात आधी प्रोसेसर घ्या असं माझं स्पष्ट मत. कारण नुसतं कार्ड बदललंत तर भावाच्या गेममध्ये काहीच फरक पडणार नाही, आणि तुमच्या गेममध्ये नवीन कार्डाला १६०० पुरा पडणार नाही, फ्रेमची सरासरी छान दिसेल पण मध्येमध्ये झटके बसतील.

हे झटके का बसतात ते सांगते. १६०० मध्ये सहा कोअर आहेत खरे, पण ते तीन-तीनच्या दोन गटांत विभागलेत आणि प्रत्येक गटाचा ८ एमबी एल३ कॅश (प्रोसेसरमधलीच जलद मेमरी) वेगळा. एका गटातल्या कोअरला दुसऱ्या गटातला डेटा हवा असेल तर मधल्या इन्फिनिटी फॅब्रिक नावाच्या जोडणीवरून जावं लागतं आणि त्याचा वेग रॅमच्या वेगावर अवलंबून. ५६०० मध्ये सहाच्या सहा कोअर एकाच गटात, ३२ एमबी कॅश सगळ्यांना सामाईक. क्लॉक पण ३.६ वरून ४.४ गीगाहर्ट्झ. गेमला नेमकं हेच लागतं, म्हणून कोअरची संख्या तीच असून फरक एवढा मोठा.

जुनाखेळाडू

+१. एक भर घालतो, नावं नीट बघून घ्या. ५५००, ५६००, ५६००जी, ५६००एक्स ही सगळी सारखी वाटतात पण ५५०० आणि ५६००जी मध्ये कॅश १६ एमबीच आहे, थोडे पैसे वाचतात म्हणून ५५०० घेऊ नका, इथे कॅशसाठीच तर खर्च करतोय आपण. ५६००एक्स आणि ५६०० मध्ये फरक नावापुरता.

५७००एक्स३डी चांगल्या भावात मिळाला तर तो या बोर्डावरचा राजा, ९६ एमबी कॅश. पण आता नवीन सहज मिळत नाही, त्याच्याबरोबर कूलर येत नाही, आणि तुमच्या बजेटमध्ये त्याने कार्डाचे पैसे खाल्ले तर उपयोग नाही. ५६०० चा टीडीपी (उष्णतेचा अंदाज) ६५ वॅट, तुमच्या १६०० एवढाच, त्यामुळे साध्या बी३५० बोर्डाच्या व्हीआरएमला (प्रोसेसरला वीज देणाऱ्या भागाला) काही जड जाणार नाही.

गोदाकाठचा

ठरलं, ५६००. आता बायोसची भीती वाटतेय. कधी केलेलं नाही. बोर्ड मेला तर सगळंच गेलं.

मनीप्लांट

भीती वाटली तर चांगलंच आहे, सावकाश कराल. सगळ्यात महत्त्वाचं, बायोस अपडेट जुना प्रोसेसर बोर्डात असतानाच करायचा. नवीन बसवून मग करू म्हणालात तर स्क्रीनच येणार नाही.

सीपीयू-झेड उघडा, मेनबोर्ड टॅबमध्ये बोर्डाचं पूर्ण नाव, रिव्हिजन आणि आत्ताचं बायोस व्हर्जन दिसेल. रिव्हिजन बोर्डावरही छापलेलं असतं, बहुतेक कोपऱ्यात, ते एकदा डोळ्याने बघा कारण १.० आणि १.१ ला वेगवेगळा बायोस असू शकतो. मग कंपनीच्या साईटवर त्याच बोर्डाच्या सीपीयू सपोर्ट लिस्टमध्ये ५६०० शोधा, समोर कोणत्या बायोसपासून चालतो ते लिहिलेलं असतं. त्या बायोसखालची बारीक अक्षरातली सूचना वाचाच. २०१७ चा बायोस असेल तर बऱ्याच बोर्डांना थेट शेवटच्या व्हर्जनवर उडी मारता येत नाही, मधलं एक व्हर्जन आधी टाकावं लागतं.

फाईल एफएटी३२ फॉरमॅट केलेल्या पेन ड्राईव्हवर, आणि अपडेट बायोसच्या आतल्याच टूलमधून. विंडोजमधून करू नका. झाल्यावर लोड डिफॉल्ट्स, आणि जुन्याच प्रोसेसरवर एकदा विंडोज चालू होतंय ना ते बघून घ्या.

आणि लाईट! पीसी यूपीएसवर किंवा इन्व्हर्टरवर असू द्या. आमच्या पुण्यात गुरुवारी देखभालीसाठी लाईट जाते, त्या दिवशी असली कामं मी काढतच नाही. तुमच्या भागात जो दिवस असेल तो टाळा.

वऱ्हाडी_भाऊ

ताईनं बायोसचं सांगतलं, मी कूलरचं सांगतो, कारण एएम४ चे प्रोसेसर इथंच मरतात. या सॉकेटमध्ये प्रोसेसरला वरून दाबून धरणारी पट्टी नाही अन् पिना प्रोसेसरलेच असतात. इतक्या वर्षांत थर्मल पेस्ट सिमेंटसारखी वाळली असंन, तुम्ही कूलर सरळ वर ओढला की खटकन प्रोसेसर सॉकेटमधून उपटून कूलरसंगच बाहेर. लिव्हर बंद असतानाच. पिना वाकल्या म्हणून समजा.

म्हणून आंधी अर्धा तास गेम चालवा भाऊ, पेस्ट गरम होऊ द्या. मग बंद करून, वायर काढून, पावर बटन एकदा दाबून घ्या. कूलरचे चार स्क्रू एका कोपऱ्यातला थोडा, मग त्याच्या समोरच्या कोपऱ्यातला थोडा, असे फुलीनं ढिले करा. मंग कूलर वर न ओढता डावीकडं-उजवीकडं हलक्या हातानं फिरवा, झाकण फिरवतो तसा. पेस्टची पकड सुटल्याचं हाताले समजते. तवाच उचला. एखादी पिन वाकलीच तर ०.५ च्या पेन्सिलीतली लीड काढून त्या रिकाम्या नळीनं हळूच सरळ करता येते.

५६०० संगं डब्ब्यात कूलर येते, पण १६०० चा स्पायर कूलर थोडा मोठा अन् चांगला असते. तोच ठेवा, धूळ काढून, नवीन पेस्ट लावून. आमच्या अकोल्यात मे महिन्यात खोलीतच ४० च्या वर असते, तेवढा धातूचा जास्तीचा तुकडा कामी येते. अन् ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटानं धरून ठेवा, फिरू देऊ नका.

लॅमिंग्टनवारी

वऱ्हाडी_भाऊ, फार कामाचा प्रतिसाद. वाचनखूण साठवली.

प्रोसेसर बसवल्यावर पहिल्या बूटला काळ्या स्क्रीनवर इंग्रजीत एक मेसेज येऊ शकतो, नवीन सीपीयू बसवलाय, एफटीपीएम (प्रोसेसरमधली सुरक्षेच्या किल्ल्या ठेवायची जागा) रीसेट करायचं का, वाय की एन. लोक घाबरतात. डिस्कवर बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) नसेल तर सरळ वाय दाबा. असेल तर मात्र आधी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा आणि बिटलॉकर थांबवून मगच प्रोसेसर बदला. विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं तर एन्क्रिप्शन आपोआप चालू असू शकतं, त्यामुळे नाहीये असं गृहीत धरू नका, सेटिंगमध्ये जाऊन बघा.

गोदाकाठचा

एवढं सगळं कोणी दुकानात सांगितलं नसतं. आता कार्डाचं बोलू का? मनात आरटीएक्स ५०६० आहे, सगळे तेच सांगतात.

जुनाखेळाडू

कार्ड चांगलं आहे, पण तुमच्या बोर्डाला जमणारं नाही असं मी म्हणेन. बी३५० बोर्डावर ५६०० टाकला तरी कार्डाचा स्लॉट पीसीआयई ३.० च राहतो. ५०६० ला फक्त ८ लेन (डेटा जायचे मार्ग) आहेत, ४०६० ला आणि आरएक्स ७६०० ला पण ८ च. पीसीआयई ३.० च्या ८ लेनमधून साधारण ८ जीबी प्रति सेकंद जातात, १६ लेनमधून त्याच्या दुप्पट. कार्डाच्या मेमरीत सगळं मावतंय तोपर्यंत हा फरक जाणवत नाही. पण ८ जीबी व्हीरॅम भरली की गेम उरलेला डेटा सिस्टिम रॅममधून या स्लॉटमार्गेच आणतो, आणि मग अरुंद रस्ता आणि कमी व्हीरॅम दोन्ही एकदमच नडतात. तुमची ६ जीबी आत्ताच पूर्ण भरतेय हे तुम्हीच मोजलंय.

म्हणून या बोर्डासाठी १६ लेनचं किंवा जास्त व्हीरॅमचं कार्ड बघावं. आरएक्स ९०६० एक्सटी १६ जीबी या दोन्हीत बसतं, १६ लेन आणि १६ जीबी, पण बजेटच्या बाहेर जाईल. आरटीएक्स ३०६० १२ जीबी जुनं असलं (२०२१) तरी १६ लेन, १२ जीबी. ८ जीबीवालं ३०६० पण आहे बाजारात, ते घेऊ नका, त्याची मेमरी बस (मेमरीपर्यंतचा रस्ता) १२८ बिटची आहे, १२ वाल्याची १९२.

पिंपळपान

इंटेलचं आर्क बी५८० पण १२ जीबी आहे की आणि ३०६० पेक्षा वेगवान.

जुनाखेळाडू

@पिंपळपान, नवीन प्रोसेसरबरोबर असेल तर हो. पण त्याच्या ड्रायव्हरचा भार सीपीयूवर जास्त पडतो, ५६०० वर सुद्धा काही गेममध्ये ते मागे पडलेलं टेस्टमध्ये दिसलंय, आणि रीसाइझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) चालू नसेल तर त्याची अवस्था वाईट होते. जुन्या बोर्डावर हा धोका मी तरी दुसऱ्याला घ्यायला सांगणार नाही.

मनीप्लांट

कार्डाच्या आधी एसएमपीएस! ४५० वॅट ठीक आहे हो, पण २०१७ चा आहे, वॉरंटी कधीच संपली असणार. त्याच्या बाजूचं लेबल वाचा, +१२ व्होल्टपुढे किती अँपियर आहेत? ३६ असतील तर १२ गुणिले ३६ म्हणजे ४३२ वॅट, खरा एसएमपीएस. २५ च असतील तर ३०० वॅट, वर मोठ्या अक्षरात काहीही लिहिलेलं असो.

३०६० ला १७० वॅट, ५६०० जास्तीत जास्त ७६, बाकी बोर्ड-डिस्क-पंखे धरून ३०० च्या आसपास जातं. चांगला ४५० कागदावर पुरतो, पण एवढ्या वर्षांनी कपॅसिटर थकलेले असतात आणि कार्डाचे क्षणिक झटके मोठे असतात. एनव्हिडिया स्वतः ३०६० ला ५५० वॅट सांगते. ५५० किंवा ६५० चा ८० प्लस ब्रॉन्झ घ्या, ओळखीच्या कंपनीचा. आणि मोलेक्सवरून (जुन्या चार पिनांच्या कनेक्टरवरून) ८ पिन करणारा तो छोटा जोड डब्यात आला तरी वापरू नका, त्या पिना एवढ्या करंटसाठी नाहीत, वितळतात.

गोदाकाठचा

लेबल पाहिलं, +१२ ला २९ अँपियर. म्हणजे ३४८ वॅट! नवीन ५५० चा घेतोय.

सेकंडहँड कार्डाचं काय मत? एका ग्रुपवर ३०६० टीआय स्वस्तात आहे, पण बिल नाही.

लॅमिंग्टनवारी

बिल नाही तर वॉरंटी नाही, आणि तुमच्या बजेटमध्ये एक कार्ड मेलं तर दुसरं घ्यायला पैसे नाहीत. मी नवीनच घ्या म्हणेन. तरीही सेकंडहँड घ्यायचंच असेल तर समोर बसून निदान २० मिनिटं लोड देऊन बघा, जीपीयू-झेडमध्ये नाव तपासा (जुन्या चिपवर नवीन नाव चिकटवलेल्या कार्डांपुढे ते 'फेक' लिहून दाखवतं), पंख्यांचा आवाज ऐका, स्क्रू आधी उघडलेत का ते पाहा. आरएक्स ५८० च्या नावाने २०४८ शेडरवाली (कमी गणना-युनिटची) कार्डं फिरतात, खऱ्या ५८० ला २३०४ असतात.

घ्यायच्या आधी कॅबिनेटमध्ये टेप लावून जागा मोजा. पुढच्या पंख्यापासून मागच्या स्लॉटपर्यंत. मायक्रो एटीएक्स कॅबिनेटमध्ये हार्ड डिस्कचा पिंजरा आडवा येतो. ३०६० ची दोन पंख्यांची छोटी मॉडेल आहेत, ती बघा.

रत्नांग्रीकर

कार्ड बदलताना रॅम पण काढून तिच्या सोनेरी पट्ट्या पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने पुसून घ्या. आमच्याकडे खारी हवा आणि पावसाळा, त्यामुळे दरवर्षी हे करावंच लागतं. नाशकात तेवढं नसेल, पण इतकी वर्षं एकाच जागी बसलेली रॅम आहे.

गोदाकाठचा

अपडेट देतो. मधलं व्हर्जन टाकून मग शेवटचा बायोस घातला, दोन्ही वेळी इन्व्हर्टरवर. कूलर वऱ्हाडी_भाऊंनी सांगितलं तसा फिरवून काढला, प्रोसेसर जागेवरच राहिला. एफटीपीएमचा मेसेज आला, वाय दाबलं. कार्ड अजून १०६० च आहे आणि काउंटर-स्ट्राइक २ मध्ये १७०-१९०, स्मोकमध्ये ११० च्या खाली जात नाही, जीपीयू ९५ टक्के. भाऊ खुश आहे. माझ्या गेममध्ये ४० चे ४१ झाले, ते अपेक्षितच होतं.

एसएमपीएस आणि ३०६० १२ जीबी बिलासकट ऑर्डर केलंय. भाऊ ब्लेंडर (थ्रीडी सॉफ्टवेअर) शिकतोय, त्याला कुडा (एनव्हिडिया कार्डावर गणना करायची सोय) आणि १२ जीबीचा उपयोग होईल हा पण विचार केला. एकूण ४० च्या आत बसलं.

दोन शंका: १) सीपीयू-झेडमध्ये रॅम १०६६ दाखवतेय, हे कमी नाही का? २) विंडोज ११ आता टाकू का?

मनीप्लांट

१) सीपीयू-झेड अर्धा आकडा दाखवतं, म्हणजे तुमची रॅम २१३३ वर चालतेय. बायोस अपडेटमध्ये सेटिंग पुसली गेली. बायोसमध्ये एक्सएमपी (रॅमला तिचा छापील वेग देणारी सेटिंग) चालू करा, एएमडीच्या काही बोर्डांवर त्याला डीओसीपी म्हणतात. रॅमवर ३००० लिहिलं असेल तर ३००० निवडा. १६०० वर जुन्या रॅमला वरचे वेग झेपत नव्हते, ५६०० वर तीच रॅम बहुतेक चालते. आणि दोन्ही रॅम प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये आहेत ना ते बघा, शेजारी-शेजारी असतील तर ड्युअल चॅनेल (दोन्ही रॅम एकदम वापरणं) मिळत नाही. नवीन कार्ड बसल्यावर यानेच अजून फ्रेम मिळतील.

२) टाका, ५६०० अधिकृत यादीत आहे. पण २०१७ ची विंडोज लेगसी (जुन्या बूट) मोडमध्ये टाकलेली असेल तर डिस्क एमबीआर (जुन्या मांडणीची) असेल, ती आधी जीपीटी (नव्या मांडणीची) करावी लागेल. विंडोज १० मध्येच एमबीआर२जीपीटी नावाचं टूल आहे, डेटा जात नाही, तरी बॅकअप घ्याच. मग बायोसमध्ये सीएसएम (जुन्या बूटची सोय) बंद, सिक्युअर बूट (फक्त खात्रीच्या सॉफ्टवेअरनेच पीसी सुरू होऊ देणं) चालू. विंडोज ११ वर व्हॅलोरंटला टीपीएम आणि सिक्युअर बूट दोन्ही लागतात, म्हणून हे टाळता येणार नाही. सीएसएम बंद झालं की रीसाइझेबल बारचा पर्याय पण बायोसमध्ये दिसतो का बघा, ३०६० ला चालतो.

जुनाखेळाडू

१०६० विकायचं असेल तर लवकर विका. ऑक्टोबर २०२५ नंतर १० सिरीजला नवीन गेमचे ड्रायव्हर बंद झाले, २०२८ पर्यंत फक्त सुरक्षेचे अपडेट येतील. घेणाऱ्याला हे सांगूनच विका. प्रोसेसर मात्र ठेवा, बोर्डात काही गडबड झाली तर तपासायला दुसरा सीपीयू घरात असलेला बरा. फक्त आधी बायोसच्या पानावर बघा, नवीन बायोसवर १६०० चालतो ना. काही बोर्डांच्या छोट्या बायोस चिपमध्ये जागा करायला जुन्या प्रोसेसरचा सपोर्ट काढलेला असतो.

पिंपळपान

माझा पण असाच प्रश्न आहे, बी४५० आणि रायझन ५ २६००, कार्ड आरएक्स ५७०. याच धाग्यावर विचारू का नवीन काढू?

मनीप्लांट

इथेच विचारा. आधी आफ्टरबर्नरचे आकडे आणि एसएमपीएसच्या लेबलचा फोटो टाका.